वजन कुठं ठेवायचं?

ऑनसाइटला मिनिआपोलिसला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात पहाटे पाच वाजता रोज एकाच आवाजानं जाग यायची. पीं-पीं-पीं... मग घर्रर्र... मग परत पीं-पीं-पीं. खिडकीतून बघितलं तर खाली पार्किंगमध्ये एक बुटकं, ढब्बू यंत्र बर्फ ढकलत असायचं. आपल्या रिक्षापेक्षा थोडंसंच मोठं. पण रिक्षावाल्यालाही लाजवेल असं जागच्या जागी गर्रकन वळायचं. दोन गाड्यांच्या मधे शिरायचं, बर्फ उचलायचं, तिथंच फिरकी घेऊन कोपऱ्यात नेऊन टाकायचं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि सगळीकडे नुसता चिखल झाला. तेव्हा त्याच पार्किंगच्या कडेला हिरवळ लावायला माणसं आली. यंत्र तसंच, पण या वेळी त्याला चाकंच नव्हती! चाकांच्या जागी दोन्ही बाजूंना रुंद काळे रबराचे पट्टे, रणगाड्यासारखे. मी बूट घालून त्या मातीत पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत गेला, आणि हे तीन-साडेतीन टनाचं धूड वरून आरामात चाललेलं.

आता हे बघून गप्प बसेल तो इंजिनियर कसला. (डिग्री इंजिनियरिंगची, पोट भरतो सॉफ्टवेअरवर, त्यामुळे खऱ्या यंत्रांबद्दल एक अपराधी प्रेम आहेच!) वाचायला लागलो, आणि वाचता वाचता असं लक्षात आलं की या यंत्राचा सगळा इतिहास म्हणजे एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत. प्रश्न असा, की वजन कुठं ठेवायचं?

तर मंडळी, सुरुवात टर्कीच्या विष्ठेपासून. नाक दाबून पुढे वाचा.

मिनिआपोलिसहून फार्गोला जायला निघालं की आय-९४ महामार्गावर रॉथसे नावाचं एक छोटंसं गाव लागतं. गावात माळरानावरच्या एका कोंबडीवर्गीय पक्ष्याचा प्रचंड पुतळा आहे, येणारे-जाणारे तिथं थांबून फोटो काढतात. पण या गावाची जगाला खरी देणगी दुसरीच आहे. १९५० च्या दशकात इथं लुई आणि सिरिल केलर या दोन भावांचं एक वर्कशॉप होतं. आपल्याकडे तालुक्याच्या गावी असतं तसंच, वेल्डिंग, लोहारकाम आणि शेतीच्या अवजारांची दुरुस्ती. ट्रॅक्टरचं काही मोडलं की शेतकरी यांच्याकडे येणार.

१९५६ साली त्यांच्याकडे टर्की पाळणारा एक शेतकरी आला. त्याचा गोठा (टर्कीच्या घराला खुराडं म्हणवत नाही इतकं ते मोठं असतं) दोन मजली होता. साफसफाई म्हणजे खोरं आणि माणसाची कंबर. ट्रॅक्टर आत नेता येत नव्हता, कारण जागोजागी छताला आधार देणारे खांब. आणि वरच्या मजल्यावर तर प्रश्नच नाही, फळ्यांची जमीन ट्रॅक्टरच्या वजनानं खालीच आली असती. त्याला हवं होतं असं यंत्र, जे खांबांभोवती वळेल, बकेट भरून उचलेल, आणि वरच्या मजल्याला पेलवेल इतकं हलकं असेल.

आमच्या भाषेत याला रिक्वायरमेंट म्हणतात. आणि अनुभवानं सांगतो, इतकी स्वच्छ रिक्वायरमेंट देणारा गिऱ्हाईक नशिबानं मिळतो. त्यानं "काहीतरी चांगलं बनवा" असं सांगितलं नाही. खांबांमधलं अंतर, मजल्याची ताकद आणि उचलायचा माल, तिन्ही गोष्टी समोर होत्या.

केलर बंधूंनी यंत्र बनवलं आणि ४ फेब्रुवारी १९५७ रोजी शेतकऱ्याच्या दारात पोचवलं. त्याला तीनच चाकं होती. पुढे दोन मोठी, ती चालवायची. आणि मागे एक छोटं, ऑफिसच्या खुर्चीखाली असतं तसं कुठंही फिरणारं. पुढे बकेट, मागे इंजिन, मधे माणूस.

यातली खरी युक्ती वळण्यात होती. साध्या गाडीत पुढची चाकं तिरकी करून आपण वळतो, त्यामुळे वळायला जागा लागते. इथं स्टीअरिंगच नाही. डाव्या चाकाचा आणि उजव्या चाकाचा कारभार वेगळा, प्रत्येकाला आपापला दांडा. दोन्ही दांडे पुढे, यंत्र पुढे. एक पुढे आणि एक मागे, की यंत्र जागच्या जागी फिरकी घेणार. बैलगाडी वळवताना एका बैलाला थांबवून दुसऱ्याला हाकतात ना, तसंच काहीसं. फक्त इथं थांबलेला बैल उलटाही चालतो. :-)

पहिल्या यंत्रात इंजिनाची शक्ती चाकांकडे पट्ट्यांनी आणि पुलींनी नेली होती. ओझं वाढलं की पट्टे घसरत, झिजत. मग भावांनी त्यावर डोकं चालवून क्लचची एक पद्धत बसवली, ज्यात प्रत्येक बाजूला पुढे आणि मागे जाण्यासाठी वेगवेगळा क्लच होता. दांडा किती ढकलला यावर तो किती पकडणार ते ठरे. या रचनेचं पुढे पेटंटही मिळालं. जगातले मोठमोठे कारखाने जवळपास याच काळात भलीमोठी यंत्रं बनवायच्या शर्यतीत होते, आणि इथं एका खेड्यातल्या शेडमध्ये दोघं जण यंत्र लहान कसं करायचं यावर रात्री जागवत होते.

पुढची गोष्ट नशिबाची. केलर बंधूंचे एक काका शेतीच्या यंत्रांचे विक्रेते होते. ते ज्या मेलरो कंपनीचा माल विकत, तिचा कारखाना शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यात ग्विनर नावाच्या गावी होता. काकांनी मेलरोच्या कानावर घातलं, की आमच्या पोरांनी एक भन्नाट चीज बनवलीय. १९५८ च्या मिनेसोटा राज्य जत्रेत मेलरोच्या स्टॉलवर केलरांचा लोडर मांडला गेला. स्टेट फेअर हा प्रकार मी बघितलाय. आपली गावजत्रा, कृषी प्रदर्शन आणि खाऊगल्ली एकत्र केली तर जे होईल ते. तिथल्या गर्दीत हे यंत्र गोल गोल फिरून दाखवलं आणि शेतकरी बघतच राहिले. मेलरोंनी बनवण्याचे हक्क रॉयल्टीवर घेतले आणि दोघा भावांना कारखान्यात नोकरी दिली. रॉथसेचं वर्कशॉप सुटलं, बिऱ्हाड ग्विनरला हललं.

आता वजनाचा प्रश्न दुसऱ्यांदा आला.

तीन चाकांचं यंत्र गोठ्यात उत्तम चाले, कारण खाली सपाट जमीन. पण बाहेर आणलं की मागचं ते एकुलतं छोटं चाक मऊ मातीत रुतायचं. उपाय सोपा वाटतो, मागेही दोन चाकं लावा आणि चारही चालवा. १९६० साली आलेल्या एम-४०० या मॉडेलमध्ये त्यांनी तेच केलं. पण चारही चाकं सरळ, एकही तिरकं होत नाही, मग वळणार कसं? वळायचं तर कुठली तरी चाकं जमिनीवर आडवी घासत न्यावी लागणार. इंग्रजीत या जातीला स्किड स्टीअर म्हणतात ते यामुळेच. म्हणजे घसरून वळणारं.

चारही चाकांवर सारखं वजन असेल तर हे घसरणं भयंकर जड जातं. यंत्र आचके देतं, उड्या मारतं. तोड अशी निघाली की वजन सारखं ठेवायचंच नाही. रिकामं असताना साधारण ७० टक्के वजन मागच्या चाकांवर आणि ३० टक्के पुढच्यांवर. मागची चाकं पक्की पाय रोवतात, पुढची हलकी असल्यानं सहज घसरतात. बकेट भरली की पुढचं वजन वाढतं आणि हिशेब उलटा होतो. आता पुढची रोवतात, मागची घसरतात. दोन्ही वेळा एक जोडी घट्ट आणि एक जोडी सैल. इंजिन मागे टांगण्याचं कारण नुसतं ओझ्याला तोल देणं एवढंच नाही, वळण्याचं सगळं गणितही त्यावरच उभं आहे. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या खरोखर वा म्हटलं.

१९६२ मध्ये एम-४४० हे सुधारलेलं मॉडेल आलं आणि त्याला नाव मिळालं बॉबकॅट. म्हणजे इकडचं रानमांजर. चिवट, चपळ आणि अंगानं लहान. नाव इतकं चिकटलं की अमेरिकेत आजही अनेक लोक या जातीच्या कुठल्याही यंत्राला बॉबकॅटच म्हणतात. आपल्याकडे नाही का, पिवळं काहीही दिसलं की जेसीबी! आणि खोदणारं मोठं यंत्र दिसलं की पोकलेन, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचं नाव आहे हे मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळलं. असो, विषयांतर झालं.

मेलरो कंपनी १९६९ मध्ये क्लार्क इक्विपमेंटकडे गेली, १९९५ मध्ये इंगरसोल रँडकडे आणि २००७ मध्ये बॉबकॅटसह काही व्यवसाय कोरियाच्या दुसाननं ४.९ अब्ज डॉलरला घेतले. टर्कीच्या गोठ्यापासून अब्जांपर्यंत पन्नास वर्षं.

आता चिखल. इथं मात्र थोडं मागे जायला हवं, कारण चिखलाशी भांडण फार जुनं आहे.

कॅलिफोर्नियात स्टॉक्टन गावाजवळ नदीच्या मुखाकडची माती इतकी भुसभुशीत, की वाफेवर चालणारे अवजड ट्रॅक्टर तिथं अक्षरशः बुडत. उपाय म्हणून लोक चाकं रुंद करत गेले, इतकी की यंत्र चालवणंच मुश्कील झालं. बेंजामिन होल्ट नावाच्या कारखानदारानं वेगळाच विचार केला. रस्ता बरोबरच घेऊन चाललं तर? २४ नोव्हेंबर १९०४ रोजी त्यानं मागची चाकं काढून त्या जागी साखळीवर लाकडी फळ्या ठोकलेला पट्टा बसवला आणि यंत्र चिखलातून चालवून दाखवलं. याच कामातून पुढे कॅटरपिलर हे नाव निघालं, म्हणजे सुरवंट.

मग लोखंडी पट्टे आले, बुलडोझर आले, रणगाडे आले. पण लोखंडी पट्ट्याचं दुखणं आपल्याला माहितीच आहे. आपल्याकडे चेनवालं पोकलेन रस्त्यावरून चालवत नाहीत, ट्रेलरवर चढवून नेतात. चालवलं तर डांबराची चाळण होते. हिरवळीवर, फरसबंदीवर, लोकांच्या अंगणात लोखंडी पट्टा चालत नाही.

रबरी पट्ट्याची कल्पना पण जुनीच. अडोल्फ केग्रेस नावाचा फ्रेंच माणूस रशियाच्या झारच्या मोटारींचा कारभार बघायचा. रशियातल्या बर्फात झारची मोटार अडकू नये म्हणून त्यानं पहिल्या महायुद्धाच्या आधीच मागच्या चाकांच्या जागी लवचिक पट्टा बसवला. क्रांतीनंतर तो फ्रान्सला परतला आणि सित्रोएनबरोबर त्यानं तशा गाड्या केल्या. डिसेंबर १९२२ मध्ये निघून जानेवारी १९२३ मध्ये त्या गाड्यांनी सहारा वाळवंट ओलांडून टिंबक्टू गाठलं. पुढे १९३१ मध्ये याच जातीच्या गाड्यांची बैरूत ते पेकिंग अशी मोहीम निघाली, आणि ती आपल्या श्रीनगरहून गिलगिटकडे हिमालयात शिरली. तिथं वाटा खचलेल्या, अरुंद. कित्येक ठिकाणी गाड्या सुट्या कराव्या लागल्या आणि त्यांचे भाग हमालांनी वाहून नेले. म्हणजे माणसाचं ओझं यंत्रानं न्यायचं, तर तिथं यंत्राचंच ओझं माणसांनी नेलं. वजन कुठं ठेवायचं या प्रश्नाचं हेही एक उत्तर, आणि आपल्या भागातलं फार ओळखीचं.

केग्रेसच्या पट्ट्यानंतर चांगला टिकाऊ रबरी पट्टा लहान बांधकाम यंत्रांवर यायला बराच काळ गेला, आणि तो आणण्यात जपानचा मोठा वाटा आहे. जपानमध्ये भाताची खाचरं. चिखलात चालणारी कापणीची यंत्रं तिथं रबरी पट्ट्यांवर चालू लागली. (अशी यंत्रं आता आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या भातशेतीतही दिसतात.) नागानो प्रांतातल्या ताकेउची या कंपनीनं १९७१ मध्ये अगदी लहान एक्स्कॅव्हेटर काढला होता, अरुंद गल्ल्यांत घरांचे पाये खणायला. त्याच कंपनीनं १९८६ मध्ये रबरी पट्ट्यांवरचा छोटा लोडर बाजारात आणला. आज ज्याला कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर म्हणतात, त्यातला हा पहिला मानला जातो.

इकडे मिनेसोटात, केलरांच्याच राज्यात, दुसरा धागा विणला जात होता. एडगर हेटीन हा बर्फावरच्या मोटारसायकलींचा म्हणजे स्नोमोबाइलचा जनक म्हणून ओळखला जातो. पोलारिस कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. आपली गाडी भरवशाची आहे हे दाखवायला हा पठ्ठ्या १९६० मध्ये अलास्काच्या थंडीत बेथेलहून फेअरबँक्सपर्यंत स्नोमोबाइलवर गेला, हजारावर मैल. परत आल्यावर कौतुक होईल तर भागीदार नाराज! शेवटी त्यानं कंपनी सोडली आणि दुसरी काढली, जी पुढे आर्क्टिक कॅट म्हणून नावारूपाला आली. बहुतेकांचं आयुष्य इतक्यात संपतं. यानं साठी उलटल्यावर, १९८३ मध्ये, गॅरी लेम्की या सहकाऱ्याबरोबर तिसरी कंपनी काढली, ए-एस-व्ही.

स्नोमोबाइल मऊ बर्फावर बुडत नाही ते तिच्या रुंद रबरी पट्ट्यामुळे. तीच अक्कल चिखलाला का लावू नये? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ए-एस-व्हीनं पोझी-ट्रॅक नावाचं रबरी पट्ट्यांचं यंत्र काढलं. यात पट्ट्याच्या आत पुष्कळ छोटी चाकं, त्यामुळे वजन सगळीकडे सारखं पसरतं, आणि पट्ट्याच्या चौकटीला गाडीसारखं सस्पेन्शन. कॅटरपिलरसारख्या महाकाय कंपनीला यात रस वाटला, तिनं ए-एस-व्हीत पैसे घातले आणि तिचे पट्टे आपल्या छोट्या लोडरांना वापरले. बॉबकॅटनं स्वतःचा पहिला ट्रॅक लोडर, ८६४, १९९९ मध्ये आणला. ए-एस-व्ही पुढे २००८ मध्ये टेरेक्सकडे आणि २०१९ मध्ये जपानच्या यानमारकडे गेली. २०१० च्या दशकात तर उत्तर अमेरिकेत पट्टेवाल्या लोडरांची विक्री चाकवाल्यांच्या पुढे गेली.

पट्ट्यानं नेमकं होतं काय, त्याचा हिशेब पाठकोऱ्या कागदावर करता येतो. समजा चाकवाल्या लोडरचं वजन ३,००० किलो आहे. एकेका टायरचा जमिनीला टेकणारा भाग साधारण ५०० चौरस सेंटिमीटर धरू, म्हणजे चारांचा २,०००. दाब आला चौरस सेंटिमीटरला दीड किलो. आता पट्टेवालं यंत्र. ते जडच असतं, ३,५०० किलो धरा. पण एकेक पट्टा दीड मीटर लांब आणि ३२ सेंटिमीटर रुंद जमिनीला टेकतो. दोन्ही मिळून ९,६०० चौरस सेंटिमीटर. दाब आला ०.३६ किलो. चौथा हिस्साही नाही.

आणि माझं? ७० किलोचा माणूस चालताना एका पायावर येतो. बुटाचा तळ २०० चौरस सेंटिमीटर धरला तर ०.३५ किलो. म्हणजे साडेतीन टनाचं यंत्र आणि मी, दोघं जमिनीला सारखेच जड! शिवाय मी चालताना टाच आधी टेकवतो, त्यामुळे माझा पाय रुततो आणि ते डौलात निघून जातं. एप्रिलमधल्या त्या चिखलाचं कोडं असं सुटलं.

पण फुकट काहीच मिळत नाही. सॉफ्टवेअरमध्येही नाही आणि चिखलातही नाही. टायर फाटला तर टायर बदलता येतो. पट्टेवाल्या यंत्राच्या पोटात दातेरी चाकं, रोलर, ताण देणारी यंत्रणा असं सगळं गाडगं असतं, त्यात माती-खडे जातात, आणि ते रोज साफ करावं लागतं. वापर कसा आहे त्यावर अवलंबून साधारण हजार-दीड हजार तासांत पट्टे बदलायला येतात आणि खिशाला चांगलंच भोक पडतं. कडक डांबरावर सारखी फिरकी घेतली तर आणखी लवकर, कारण वळणं अजूनही घसरूनच आहे. म्हणजे जमिनीचा त्रास वाचला, पण तो मालकाच्या खर्चात गेला. वजन नाहीसं झालेलं नाही, त्यानं फक्त जागा बदलली.

आणि एक जागा अशी आहे जिथं ते फार वाईट पडलं. ते सांगितल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही.

यंत्र लहान ठेवायचं म्हणून या लोडरची रचनाच अशी, की बकेट उचलणारे दोन लोखंडी हात ऑपरेटरच्या दोन्ही कानांजवळून वर-खाली जातात. आत शिरायचं तेही पुढून, बकेट ओलांडून. सुरुवातीच्या यंत्रांना पिंजरा नव्हता की दार नव्हतं. कुणी बाहेर डोकावलं, कुणी वर उचललेल्या बकेटखाली वाकून काही काढायला गेलं, कुणी चढताना चुकून दांड्यावर पाय दिला, आणि हात खाली आले. कितीतरी माणसं अशी चिरडून गेली. पुढे पिंजरा आला, आणि मांडीवर आडवी येणारी सुरक्षा-दांडी आली, जी खाली ओढल्याशिवाय हात हलतच नाहीत. तरी अपघात थांबले नाहीत, कारण घाईच्या कामात लोक ती व्यवस्थाच बंद पाडून ठेवत. १९९८ मध्ये अमेरिकेच्या व्यवसाय-सुरक्षा संशोधन संस्थेला या एका यंत्राबद्दल खास इशारा-पत्रक काढावं लागलं.

हे वाचून मला हसू नाही आलं. आम्हीही डेडलाइन जवळ आली की इशारे देणारा कोड गपचूप बंद करून टाकतो. आमच्याकडे फार तर सर्व्हर पडतो.

याला उत्तरं निघाली. जेसीबीनं १९९३ पासून दोन हातांऐवजी एकाच बाजूला एकच जाड हात ठेवून ऑपरेटरला दुसऱ्या बाजूनं दार दिलं, म्हणजे बकेटखालून चढायलाच नको. अशा जातीची यंत्रं आपल्या पुण्याजवळ तळेगावातही बनली आहेत. पण विचार करा, गोठ्यातल्या खांबांमधून जाता यावं म्हणून १९५७ मध्ये केलेली जागेची काटकसर, तिची किंमत पुढे कित्येक वर्षं कुणीतरी भलतंच भरत होतं. ती वाईट हेतूनं केली नव्हती. रिक्वायरमेंटमध्ये खांब होते, मजला होता, माल होता. आत बसणारा माणूस त्यात लिहिलेला नव्हता.

मला या इतिहासातून घ्यायची गोष्ट असेल तर ही. यादीत जे लिहिलेलं असतं त्याचं वजन मोजलं जातं. जे लिहिलेलं नसतं, त्याच्यावर उरलेलं सगळं वजन जाऊन पडतं.

गेल्या सुट्टीत पुण्याला गेलो होतो. आमच्या सोसायटीच्या मागे बाग करायचं काम चाललं होतं. वाट अरुंद, जेसीबी आत जाणार नाही. म्हणून सात-आठ बायका डोक्यावर घमेली घेऊन लाल माती वाहत होत्या. मोठ्या तोऱ्यात मी आमच्या काकांना म्हणालो, "काका, तिकडे यासाठी एक छोटं मशीन असतं. दोन तासांत काम खलास."

काका म्हणाले, "असेल रे. पण मग या आज संध्याकाळी काय घेऊन घरी जातील?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घमेलं डोक्यावर ठेवून मान मोडणं बरोबर आहे असं मला अजिबात वाटत नाही. त्या टर्कीवाल्या शेतकऱ्याच्या कंबरेला जी सुटका मिळाली ती या बायकांच्या मानेलाही मिळायला हवी. पण यंत्र आलं की मानेवरचं वजन उतरेल आणि पोटावर येईल, हेही खरं. दोन्ही वजनं एकाच माणसाची. केलर बंधूंनी आपल्या यंत्रात ७० आणि ३० चा हिशेब जमवला. हा हिशेब कुणी लोहार एकटा जमवू शकेल असं वाटत नाही, तो आपल्या सगळ्यांना मिळून करावा लागेल.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम या संस्थेनं लुई आणि सिरिल केलर यांना आपल्या यादीत घेतलं. एडिसन, राइट बंधू वगैरे मंडळींच्या रांगेत खेड्यातले दोन वेल्डर. दोघंही तेव्हा हयात नव्हते.

आता परत हिवाळा येईल, पहाटे पाच वाजता खाली पीं-पीं-पीं सुरू होईल. शिव्या देणं आता जमायचं नाही. उलट खिडकीतून एकदा बघून घेईन, आतल्या ऑपरेटरनं ती दांडी खाली ओढलीय ना.